धार तुटते तिथे

ओहोटीनं पोर्फियादाला वाळूवर टेकवलंय,
डाव्या कुशीवर, दोन ओंडक्यांच्या आधारानं.
पोर्फियादा म्हणजे हट्टी. नाव बाबांनी ठेवलं.
तीनला पाणी परत येईल. रोसामेल मामा म्हणतो,
पाणी काही आपल्यासाठी खोळंबत नाही.

हिवाळाभर ती धूर ओकतेय.
सकाळी पांढरा, डोळ्यांत झोंबणारा,
ओझं ओढताना काळा.
शिंपल्यांच्या तराफ्यांवरची माणसं
आम्ही दिसायच्या आधीच नाक दाबतात.
नोझल बदलले, फिल्टर बदलला.
बेलार्मिनो म्हणाला, रिंगा गेल्या, भंगारात घाला.
त्याच्याकडे एक इंजिन आहे विकायला.

"आधी पंपाला विचारू," मामा म्हणाला.

पहिल्या सिलिंडरची नळी सुटली.
मग तिच्या बुडातली झडप, झडपेवरची स्प्रिंग,
आईच्या बटाटे सोलायच्या वाडग्यात.
"हरवलीस तर पुएर्तो मोन्तला पोहत जायचं."
त्या जागी वाकडी नळी, हंसाच्या मानेसारखी.
बाहेर चिखलात काळ्या मानेचे खरे हंस
चरत होते, आमच्याकडे पाठ करून.

मी तळाशी, गुडघे तेलकट पाण्यात,
क्रँकच्या नटावर लांब पाना.
"इंजिन फिरतं त्याच अंगानं फिरव.
पुढे गेलीस तर बरंच मागे जा, मग पुन्हा ये.
दात्यांमधली ढिलाई खोटं बोलते."

नळीच्या टोकातून डिझेल,
आधी सुतळीएवढं.
पाना केसभर.
दोऱ्याएवढं.
पाना त्याहून कमी, जवळजवळ नुसता विचार.
धार तुटली.
थेंब.
मी मोजत राहिले. चार. पाच.
थेंब.
"थांब. इथे."
इथून पंप ढकलायला लागतो.
पुढचा सगळा दंगा इथे ठरतो,
या लोंबत्या, पडायला तयार नसलेल्या थेंबापाशी.

फ्लायव्हीलवर बॅटरी धरली.
कारखान्याची खूण चोवीस अंशांवर.
काटा अठरावर.
आणि काट्याच्या बरोबर खाली, गंज खरवडल्यावर,
कानशीचा एक आडवा ओरखडा,
तिरका, दोनदा गिरवलेला.
बाबा सगळंच तिरकं करायचे,
मासळीच्या खोक्यांवर स्वतःचं नावसुद्धा.

मामा बराच वेळ चिंध्यांनी हात पुसत बसला.
"पंप सरकला नाही," तो म्हणाला. "सरकवलाय.
तुझी आई तेव्हा बुडी मारायची,
तोंडात हवेची नळी, कमरेला दोरी.
दोन झटके म्हणजे वर ओढ.
कॉम्प्रेसर याच इंजिनवर.
हे ठोके द्यायचं, दोरी आपोआप थरथरायची,
आणि झटका कुठला, थरथर कुठली,
तुझ्या बापाच्या हाताला कळेना.
सहा अंश उशीर केला की इंजिन मऊ बोलतं.
जोर कमी होतो, धूर होतो. होऊ दे म्हणाला."

अकरा वर्षं झाली, आई पाण्यात उतरली नाही.
बाबा गेल्याला सात.

मामानं पाना माझ्याकडे दिला.
तीन नट. पंप ब्लॉककडे, एक सूतही नाही.
पुन्हा मागून फिरवत आणलं. सुतळी, दोरा.
थेंब. चोवीस.
नट आवळताना माझा अंगठा सोलला.

पावणेतीनला पोर्फियादा वाळूवरून उठली.
दोनदा खोकली, मग पकडली.
आवाज कडक, लोहाराच्या घरासारखा.
एक भपका निळसर, आणि मग
सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती हवा हलत होती.
बेलार्मिनो गमबुटांत येऊन उभा राहिला,
वास घेतला, आणि हवामानावर बोलून गेला.

आई पोटरीभर पाण्यात शिरली.
"फार मोठ्यानं बोलते आता," म्हणाली.
दोन बोटं काठाच्या फळीवर ठेवली,
आणि काढलीच नाहीत,
शेवटी मीच इंजिन बंद केलं.

ओरखडा मी घासून टाकला नाही.
वरून थोडं ग्रीस लावलं,
गंज चढू नये म्हणून.