सरहद्दीवरचे टोमॅटो

लोणी अगदी कडेपर्यंत लाव, वर्ना म्हणते,
कोपरा कोरडा राहिला की तिथूनच ओल शिरते.
चाळीस वर्षं ऐकतोय.
सुरी माझ्या हातात, डोळे तिचे.

तानुंडा, रात्रीचे साडेनऊ.
टेबलावर पावाच्या अठ्ठावीस स्लाइस,
मेटवुर्स्टचे काप, तिच्या आजोबांच्या पद्धतीने धुरावलेले,
लसणाचा वास आता आठवडाभर पडद्यांत राहणार.
चीज दोन्हीकडून, मांस मध्ये,
लोणच्यातली काकडी फडक्यात घट्ट पिळून.
अंडं नाही. गोठवलं की त्याचं रबर होतं, ती सांगते,
आणि मी मान हलवतो, जणू आजच कळलं.

मग मेणकागद. घडीवर घडी,
एल्केच्या वह्यांना कव्हरं घालायची तशीच,
कोपरे अंगठ्याने दाबत.
प्रत्येकावर पेन्सिलीने वार: मंगळ, मंगळ, बुध.
एकाच पुडीवर वार नाही,
नुसतं 'ए'.

टोमॅटो मात्र वेगळे.
परसातले सहा, देठासकट,
माझ्या जुन्या मोज्यांत एकेक.
टोमॅटो आधीच पावात भरायचा म्हणजे
भांडण बरोबर घेऊन प्रवासाला निघायचं,
पोहोचेपर्यंत सगळ्याचा लगदा.
हे तीच म्हणाली. मग गप्प झाली.

तीन वर्षं झाली.
एल्के तिकडे एस्पेरन्सला, आम्ही इथे.
कशावरून बिनसलं ते दोघींनाही आता
नीट सांगता येणार नाही.
मला येईल, पण मला कोण विचारतंय.

पहाटे एस्की भरली.
तळाला गोठवलेल्या बाटल्या, वर वर्तमानपत्र,
त्यावर सँडविच, विटांसारखी कडक.
सारखं झाकण उघडायचं नाही, एरल,
गारवा एकदा गेला की परत येत नाही.
एस्कीबद्दलच बोलत होती.
बहुतेक.

पहिला मुक्काम सेदुना.
दुसऱ्या दिवशी झाडं संपली.
नुसती जमीन, रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला
कधीच न येणारं पाणी.
मंगळवारची पुडी अकरा वाजता उघडली:
पाव मऊ, आत जरासं गार,
जिथे मोडावा तिथेच मोडला.
वर्नाने चावून पाहिलं, काही बोलली नाही.
म्हणजे उत्तम.

मग सरहद्द. पत्र्याची शेड, वारा,
तपासनीस बाई, ब्रॉनविन नावाची.
फळं? भाज्या? मध?
मोजे टेबलावर आले.
तिने एकात हात घातला आणि हसू दाबलं.
हे पलीकडे नेता येत नाहीत हो. फळमाशी.
पावात चिरून घातले असते ना,
तर मी बघितलंही नसतं.

वर्नाने माझ्याकडे पाहिलं.
मी दूर, खूप दूर, एका उंटाकडे पाहिलं.
उंट नव्हता.

डब्यात टाका, ब्रॉनविन म्हणाली, नाहीतर इथेच खा.
तिनेच आपल्या डब्यातली मिठाची पुडी आणली.
आम्ही उभ्याने खाल्ले, सफरचंदासारखे, दात रोवून,
रस मनगटावरून कोपरापर्यंत,
वारा लगेच वाळवत होता.
पाचवा ब्रॉनविनला दिला.
सहावा वर्नाने हातात धरला बराच वेळ,
एल्केसाठीचा,
मग तोही खाल्ला, देठाजवळच्या हिरव्यासकट,
आणि हसायला लागली. इतकं, की टेबलाला धरावं लागलं.
नाकाला बी चिकटलेलं.
मी सांगितलं नाही.

एस्पेरन्सला दार उघडलं तेव्हा
दोघींनाही हात कुठे ठेवावेत कळेना.
मग 'ए' पुढे झाली.
एल्केने कागद सोडला, वरची स्लाइस उचलून आत पाहिलं,
सहा वर्षांची असताना पाहायची तसंच.

टोमॅटो कुठाय?

खाल्ला, वर्ना म्हणाली.

कुणी?

मी.

मागे गाडीत एस्कीचं झाकण
सताड उघडं राहिलं होतं.
मला दिसत होतं.
असू दे म्हटलं.