डावी सीट

गाडी दोनच माणसांची.
लाल, फायबरच्या अंगाची, वेर्ण्याच्या शेडमध्ये जुळवलेली,
आता सव्वीस वर्षांची.
उजवीकडे सगुण, त्याच्यासमोर सगळे काटे.
डावीकडे मी, आणि एक न उघडणारा कप्पा.

फेब्रुवारीपासून ती पाणी पीत होती.
आठवड्याला अर्धा लिटर, मग एक.
सगुण रात्री तिच्याखाली पुठ्ठा पसरायचा
काजूच्या खोक्याचा,
आणि सकाळी दात घासायच्या आधी टॉर्च घेऊन
पोर्चमध्ये उताणा.
पुठ्ठा कोरडा.
एकदा मेलेला झुरळ मिळाला, तोही कोरडा.

रेडिएटरचं झाकण बदललं.
थर्मोस्टॅट माझ्या चहाच्या भांड्यात उकळला,
दोऱ्याला टांगून, शेजारी थर्मामीटर धरून,
आणि तो अठ्ठ्याऐंशीला उघडला तेव्हा
सगुणचा चेहरा पडला.
त्याला तो बिघडलेला हवा होता.
ऑइलची पट्टी काढून उन्हात धरली:
दूध पडलेल्या चहासारखं काही नाही.
धूर पांढरा नाही. टाकीत बुडबुडे नाहीत.
तरी जेवताना म्हणाला, हेड गॅस्केट असेल,
असं हळू, जसं शेजाऱ्याच्या रिपोर्टबद्दल बोलतात.

फर्मागुडीच्या चढावर, ट्रकच्या मागे,
काटा लाल रेघेकडे निघायचा.
मग सगुणचा ठरलेला उपाय:
हीटर पूर्ण उघडायचा,
म्हणजे इंजिनची आग थोडी आमच्या वाट्याला.
मे महिना. फोंडा. दुपारचे दोन.
माझ्या गुडघ्यांवर भट्टीचा वारा,
आणि तो काट्याकडे बघत म्हणतोय,
उतरला, उतरला.

मी म्हटलं होतं, काच आतून धुरकटते.
नॅपकिनने पुसली की बोटांना तेलकट लागतं.
तो म्हणाला, दमट हवा.
म्हटलं, वास येतो गोडसर,
माडाच्या गुळाची कढई तळाला लागावी तसा.
तो म्हणाला, कुणाच्या तरी घरी करत असतील.
फर्मागुडीच्या चढावर, रोज, कुणाच्या तरी घरी.

शेवटी बोरीला, पुलाच्या अलीकडे, कायतानकडे.
त्याने टाकीच्या तोंडावर पंप बसवला
सायकलचा असतो तसा, वर घड्याळ.
हवा भरली आणि चहा मागवला.
आम्ही तिघं त्या घड्याळाकडे बघत बसलो.
काटा एकावरून घसरला, पॉइंट नऊ,
पॉइंट सात.
खाली एक थेंब नाही.
कायतान गाडीभोवती एक फेरी फिरला.
बॉनेट उघडलं नाही.
माझ्या चपलांकडे बघितलं त्याने,
कातड्यावर हिरवट कड चढलेली,
आणि विचारलं,
"बाये, तुजे पांय भिजतात?"

फेब्रुवारीपासून, मी म्हणाले.

डावं दार उघडून तो गुडघ्यावर बसला,
गालिच्यावर तळहात दाबला.
बोटांच्या फटींतून हिरवं वर आलं.
सगुण उभाच. मग म्हणाला,
पण हीटर तर मी गाडी वाचवायला लावत होतो.
कायतान म्हणाला, "तेंच."

दोन फुटांची नळी वाकवून
हीटरला बाहेरच्या बाहेर वगळलं.
गोंयांत हीटर कित्याक, म्हणत
त्याने नळीचेच पैसे घेतले, आणि चहाचे.
गालिचा चार दिवस गॅलरीच्या कठड्यावर होता,
मांजर जवळ जाऊन वास घ्यायची
म्हणून मी काठी घेऊन बसले.

आता काटा मध्यावर असतो.
ट्रक पुढे असला तरी, दुपार असली तरी.
सगुणचा मात्र त्याच्यावर पूर्ण विश्वास नाही.
चढ सुरू झाला की गिअर खाली घेतो
आणि रस्त्यावरची नजर न काढता विचारतो,
पाय?

कोरडे, मी सांगते.
कधी कधी सांगायला
देवळाच्या वळणापर्यंत वेळ लावते.