गुरुवार, रात्रपाळी

चार वाजल्यापासून तो बूट घालून दाराशी बसलेला.
आठला मी आलो तेव्हाही
पिशवी मांडीवर, नाड्यांना दुहेरी गाठ.
बाकीच्यांना कुणी ना कुणी नेलं,
एकाला मामा, एकाला आजीचा ड्रायव्हर.

सोहारच्या या घराचा रंग फिका निळा
आणि खिडक्यांना न फुटणारी काच.
सुऱ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.
रोज रात्री चमचे मोजायचे. बावीस.
मग मुलं.

इथे मला सदीक म्हणतात.
सदीक म्हणजे मित्र,
पण पेट्रोल पंपावर, दुकानात, बांधकामावर
ज्याचं नाव विचारायची गरज पडत नाही, तो सदीक.
अझ्झान तर तेवढंही म्हणत नाही.
मागच्या महिन्यात त्याने टीव्ही फोडला,
माझ्या मनगटाला कडकडून चावला
आणि नंतर स्वतःच बर्फ घेऊन आला,
माझ्याकडे न बघता.
वहीत रकाना आहे : घटना.
रकाना आहे : घटनेपूर्वी काय घडलं.
बर्फ कुठे लिहायचा ते कळेना.

दहाला त्याच्या बापाला फोन लावला.
वाजतो, वाजतो, मग ती बाई बोलते
मधाळ अरबीत, की सध्या उपलब्ध नाहीत.
तो म्हणाला, परत.
नऊ वेळा लावला.
दहाव्यांदा तोच म्हणाला, राहू दे.

आमच्या वाडीत असा एक होता.
माझाच भाऊ, भिकू.
ताटं भिरकवायचा, रात्री गोठ्यात शिरून ओरडायचा.
बाहेरचं झालंय, म्हणाले.
अंगारा झाला, कोंबडं झालं,
शेवटी पडवीचा खांब आणि सुंभ.
गाठ मारायचं काम माझ्याकडे होतं.
मी तेरा वर्षांचा होतो, गाठ चांगली मारायचो.
मुलाखतीत विचारलं, अनुभव आहे का?
म्हटलं, आहे.

साडेअकराला म्हटलं, बूट काढ, पाय सुजतील.
माझी अरबी ही अशी : पाय, मोठे, उद्या.
खाली बसून नाडीला हात लावला मात्र,
तो असा किंचाळला की
वरच्या मजल्यावरचा स्वयंपाकी धावत जिन्यात आला.
मी हात मागे घेतला.
अंतर ठेवा, आवाज खाली ठेवा,
मुलाला दार दिसेल असं बसा,
असं शिकवलंय आम्हाला. बसलो
फरशीवर, भिंतीला पाठ लावून.
एसी घुमत होता.
बंदराकडच्या कारखान्याची केशरी ज्वाळा काचेत हलत होती.

दीड वाजता तो म्हणाला, नाव काय तुझं?
परशुराम.
बरशुराम.
त्यांच्यात प नाही.
म्हटलं, ओठ मीट, मग सोड. प.
ब.
प.
ब.
मग गाल फुगवून
त्याने असा एक प काढला
की थुंकी माझ्या चष्म्यावर.
पुन्हा काढला. पुन्हा.
मिसरूड फुटलेला एवढा थोराड पोरगा
रिकाम्या घरात नुसता प, प, प.
पुढच्या अक्षरांपर्यंत काही आम्ही पोचलो नाही.

तिथेच आडवा झाला, बुटांसकट.
मी पांघरूण घातलं, पाय उघडे ठेवून.
गाठ दिसत होती.
सुंभ ओला करून ओढला की सुटत नाही,
नखाने, सावकाश, एकेक पीळ उकलावा लागतो.
भिकू झोपला की मी सोडायचो, रोज.
एका रात्री मलाच झोप लागली.

वहीत लिहिलं : रात्र शांत. चमचे बावीस. मुलं एक.
थांबून लिहिलं : बूट पायात.

पहाटे फाटकाशी गाडी वाजली.
तो उठून बसला, डोळे नीट उघडायच्या आत
पिशवी हातात.
लबनवाला होता.
काही बोललो नाही.
दोघांनी मिळून क्रेट आत घेतले,
तो बुटांत, मी अनवाणी.