काच

देवगडात बर्फाच्या कारखान्यासमोर
माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
गेममध्ये कोण कितव्या रँकला, ते पोरं सांगतात.
मी काच बघतो.

डॉक्टरांच्या मुलाची गुळगुळीत,
वाय-फाय घरचं.
"शेवटी स्किल लागतं, काका."

प्रणिता कोयंडेची उजव्या कोपऱ्यात मेलेली.
रेंजसाठी ती जेटीच्या टोकाला,
पापलेटच्या रिकाम्या क्रेटवर,
माइक बंद ठेवून;
मुलगी आहे कळलं की हरलेले म्हणतात,
भाऊ खेळत असणार.
अंगठा मेल्या जागेला वळसा घालतो,
तांडेल बुडत्या खडपाला घालतो तसा, न बघता.

परवा नवी काच बसवली.
आठवडाभर हरतेय.
खडप गेलं,
वळसा अंगठ्यातच राहिला.

काचेचे पैसे मी अजून मागितले नाहीत.