बुधवारच्या किल्ल्या

माझ्याकडे सतरा किल्ल्या आहेत.
त्यातल्या तीन कशाच्या, कुणालाच ठाऊक नाही,
पण टाकायच्या नाहीत असं दोन्या ब्रांका म्हणते,
आणि या सिनेगॉगात दोन्या ब्रांकाचा शब्द
तोराच्या खालोखाल.

मी व्हिल्मार. प्रार्थनेतला नाही.
कुलपं, बल्ब, बॉयलर, गळके नळ, इतकाच माझा धर्म.
मोंतेविदेओत जुलै म्हणजे भर हिवाळा,
नदीवरचा वारा कॉलर धरून जाब विचारतो.
बुधवारी मी तीनलाच दार उघडतो.

चारला येतात दुधाच्या दातांचे.
कणकेची अक्षरं वळतात, आलेफ, बेत, गिमेल,
भाजतात, आणि ओळख व्हायच्या आत खाऊन टाकतात.
"गिमेल कुठं गेला?"
एकजण सदरा वर करून पोट दाखवतो.

साडेपाचला मोबाइलचा वर्ग.
शिकवणारे पंधरा वर्षांचे, शिकणारे पंच्याऐंशीचे.
सेन्योर झिल्बर दर आठवड्याला तेच विचारतात,
फोटो जातात कुठे?
इथेच आहेत, आजोबा. आत.
आत म्हणजे कुठे?
पोरगा गप्प होतो. त्याला बटण माहीत आहे, तेवढंच.

वर यिद्दिश मंडळात चार म्हाताऱ्या भांडतात,
एकीच्या गावचा शाप
दुसरीच्या गावी आशीर्वाद होता म्हणून.
तळघरात टेबल टेनिस.
स्वयंपाकघरात मसुराचं सूप, गल्लीतल्या कुणालाही,
नाव न विचारता.
मला दोन वाडगे. सिलिंडर मी बदलतो.

त्या बुधवारी बसचा संप होता.
सूप उरलं. कणीक तशीच झाकून ठेवली.
सातच्या प्रार्थनेला दहा माणसं लागतात.
इथे माणसं आकड्यांनी मोजत नाहीत,
दहा शब्दांची एक जुनी ओळ म्हणतात,
माणसामागे एक शब्द.
ओळ नवव्या शब्दावर अडली.

झिल्बरांची एस्तेर जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं.
दहावा नसेल तर कद्दिश म्हणता येत नाही.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
मुद्दामच.
बावीस वर्षं इथे झिजलेला माणूस ओळीत बसत नाही,
हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागतं.

बॉयलर बघून येतो म्हणालो.
बॉयलरला काही झालं नव्हतं.
खाली टक्, टक्, टक्.
तामारा कोसोय, एकटी, भिंतीशी खेळत होती,
आई संपामुळे कुठेतरी अडकलेली.
"तुला तेरा पूर्ण झाली ना गं?"
मलाच आठवलं: गेल्या शनिवारी तिने तोरा वाचली,
लोकांनी गोळ्या उधळल्या,
सोमवारी बाकांखालून मीच झाडून काढल्या.

ती आली तशीच, बॅट हातात, बुटाची नाडी सुटलेली.
दोन्या ब्रांकाने ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.
दहावा शब्द तामारावर येऊन टेकला.
ती किंचित ताठ झाली,
दारात उंची मोजताना मुलं होतात तशी.

झिल्बर उठले.
कद्दिश त्यांच्या फोनवर होता, अक्षरं बोराएवढी केलेली,
हे मात्र ते वर्गात शिकले होते.
तिसऱ्या ओळीला पडदा काळा झाला.
थांबले. बोटं थरथरू लागली.
शेजारून तामाराने नुसतं टोक लावलं.
आधी क्षणभर एस्तेर उजळली,
उन्हात, डोळे बारीक केलेली,
मग अक्षरं.

आमेन कुठे येतं, मला आता पाठ आहे.
दाराशी उभा राहून म्हटलं.
ओळीत बसायला नाही,
तोंडात आलं म्हणून.

नऊला सगळे गेले. बॅट बाकावर राहिली.
उचलली, पुन्हा ठेवली.
उद्या ऐंशीच्या वरच्यांचं नृत्य आहे, बसल्या बसल्या करायचं.
खुर्च्या गोल मांडायच्या आहेत,
आणि एक जरा डुगडुगते.