भुवया

चाळीस वर्षं ओल्द्रिखला भुवया नव्हत्या.
काचेच्या भट्टीच्या तोंडाशी उभं राहणाऱ्याला त्या असत नाहीत,
गावात कुणी विचारतही नसे.
लग्नाच्या फोटोत आहेत. त्यानंतरच्या एकाही फोटोत नाहीत.

मग गॅसची भट्टी पाडली.
आतून हिरवा थर चढलेल्या विटा ट्रकभर गेल्या,
एक त्याने मागून घेतली, कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला लावली.
तिच्या जागी ही विजेची आली:
भिंतींतून आत शिरलेले मॉलिब्डेनमचे बारा दांडे,
माझ्या टेबलावर बारा आकडे,
आवाज कसलाच नाही.

पहिल्या पाळीला त्याने वाकून पाहिलं.
वर नुसता पांढरा थर, वाळू, सोडा, चुनखडी,
यिझेराच्या डोंगरावर फेब्रुवारीत असतो तसा
न तुडवलेला.
"विझलीय," म्हणाला.
मी म्हटलं, खाली चौदाशे आहे.
"दिसत नाही ते मानू कसं?
मला रंग सांग, यार्मिला. आकडा काय, कुणीही लिहितं."

मी वीज शिकलेली, काच नाही.
ठाऊक होतं तेवढं सांगितलं:
गार काच विजेला उंबऱ्यावरही उभी करत नाही,
म्हणून तर खांबांवर तारा तिच्याच हाती देतात.
पण एकदा वितळली की तीच वाट होते.
वीज तिच्यातून चालत जाते,
आणि चालणाऱ्याने नाही, वाटेनेच तापायचं असतं.
बाहेरून कुणी भाजत नाही तिला.
आधी थोडी ऊब मात्र दुसऱ्या कुणाकडून उसनी घ्यावी लागते.

ओल्द्रिख बराच वेळ गप्प.
"माझी बायको अशी होती," म्हणाला,
आणि डबा उघडून पाव खाऊ लागला.

मे महिन्यात त्याच्या कपाळाखाली काहीतरी दिसलं.
मला वाटलं, पीठ लागलंय.
पांढरे, आखूड, राय कापल्यावर शेतात उरतात तसे खुंट.
नातीने बोट लावून पाहिलं आणि भोकाड पसरलं,
तिला तिचे आजोबा परत हवे होते.

डिसेंबरात तारांवर मनगटाएवढा बर्फ बसला
आणि रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी बारा आकडे शून्य झाले.
डिझेलवर पाण्याचे पंप तेवढे चालले, आणि तापमापक.
तेराशे साठ. तेराशे. बाराशे तीस.
काच घट्ट होत होती
आणि घट्ट होता होता विजेला परकी होत होती.
एका रेषेखाली गेली असती,
तर पहाटे वीज परतली तरी तिने ओळख दिली नसती.
तीस टनांचा एकच दगड. भट्टीसकट फोडायचा.

जुने बर्नर भंगारात द्यायचे राहून गेले होते.
तो आला. कुणी कळवलं, अजून ठाऊक नाही.
पायजम्यावर कोट, बुटांत मोजे नाहीत.
लांब दांड्याने पांढरा थर बाजूला सारला,
ज्योत पेटवली, आणि तोंड नेलं थेट तिथे
जिथे चाळीस वर्षं नेत आला होता.

"अकराशे ऐंशी," मी ओरडले.
"जर्दाळू," तो.
"बाराशे दहा."
"जर्दाळूच. पण पिकलेला."
"बाराशे चाळीस."
"थांब. हं. आता बघ, घेईल ती."

सहाला वीज आली.
पहिल्या दांड्यात चार अँपियर, भीत भीत,
मग चाळीस,
मग मी मोजायचं सोडून दिलं.

तो बाकावर बसला होता, चेहरा लाल,
कपाळाखाली पुन्हा काही नाही.
केस जळल्याचा वास येत होता.
मी म्हटलं, उगवतील परत.
त्याने अंगठ्याने ती रिकामी जागा चाचपली,
आधी डावी, मग उजवी.
"उगवू देत," म्हणाला.
"सवय होत आली होती."