काठ सुटणे

जुलैचे शेवटचे चार दिवस.
जेटीवर बोटींच्या ताडपत्र्या उतरू लागल्यात,
रंगाचे डबे, जाळ्यांचे ढीग, डिझेलसाठी रांग,
आणि मी साखरीनाट्याच्या बर्फ कारखान्यात
दोन महिने गप्प बसलेल्या कॉम्प्रेसरला
तेल पाजतोय.
अमोनियाचा वास नाकात शिरला
की माझं वर्ष सुरू होतं.

धनबीर काल आला. जुमल्याहून,
पाच गाड्या बदलून, एका पिशवीनिशी.
इशाक सोलकरांच्या 'रेहमत'वरचा खलाशी,
सातवं वर्ष त्याचं.
पहिली लादी बघायची म्हणून येऊन बसला
भुशाच्या पोत्यावर, पाय वर घेऊन.

म्हणाला, आमच्या गावाच्या वर एक तलाव आहे.
चैतात त्याचा बर्फ जातो.
मी म्हटलं, वितळतो.
नाही. जातो.

आधी पांढरा असतो, मग करडा, मग काळा.
काळा झाला की आई गुरं त्यावरून हाकत नाही.
रात्री आवाज येतात,
घराचा वासा पिचावा तसे.
मग काठाकाठानं पाण्याची रेघ उमटते,
बोटभर, मग हातभर,
आणि मधला अख्खा बर्फ
कुठेच न चिकटता
नुसता तरंगत राहतो.
एखाद्या दुपारी वारा सुटतो,
सगळं ढकलून पलीकडच्या दगडांवर घालतो.
संध्याकाळी बाबा गळ घेऊन निघतो.

मी ऐकत होतो, हात कामात.
मिठाच्या पाण्यातून डबा वर ओढला,
साध्या पाण्यात बुडवला.
इथे घाई चालत नाही.
हातोडी घातलीत तर लादी चिरफळते.
थांबायचं.
पत्र्याला बिलगलेला नखाएवढा थर
पाणी होऊ द्यायचा.
मग आतून एक बारीक 'टक्',
डबा कलता केला
आणि माझ्या दुप्पट वजनाची लादी
आपणहून घसरत बाहेर.

काठ सुटला, धनबीर म्हणाला.

लादीच्या पोटात पांढरी शीर होती,
कोंडलेल्या हवेची.
तिच्यावर त्यानं तळवा टेकला,
लाल झाला तरी उचलला नाही.
घरी फोन लागला का, मी विचारलं.
लागला. आई म्हणाली, बाबा आता
गळ खुंटीवरच ठेवतो.
पुढचं क्रशरच्या आवाजात गेलं.

एक तारखेच्या पहाटे 'रेहमत'ची दोरी काढतील.
बोट लगेच जात नाही.
जेटीपासून आधी बोटभर पाणी दिसतं,
मग हातभर.

मी तेव्हा सतरावा डबा बुडवत असेन.